ऐकलंस का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, सकाळी सहाच्या सुमारास मोशीत पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, की भोसरीकडे आणि चाकणकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. खिडकीशी बसलेल्या बहुतेकांच्या कानांत इअरफोन असतात. हातातल्या फोनवर कुणा मित्रानं रात्री पाठवलेली एखादी लिंक असते, खाली दोनच शब्द असतात, ‘नक्की ऐक’. पाहणारा त्यावर अंगठ्याचं चित्र टाकतो आणि पुढे सरकतो. अल्बम काही ऐकला जात नाही. पाठवणारा विचारत नाही, न ऐकणारा सांगत नाही. मला आज बोलायचंय ते या न विचारण्याबद्दल.

आधी ‘अल्बम’ हा शब्द घेऊ. आपल्याकडे अल्बम म्हटलं की लग्नाचे फोटो आठवतात, आणि ते फारसं चूकही नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पानांच्या बांधणीत घालून विकत. तो अल्बम. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली, वही गेली आणि शब्द मागे राहिला.

वही गेली तरी तिच्यातली एक गोष्ट टिकली, ती म्हणजे क्रम. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, बाजू कुठे संपते, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेलं असतं. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ मध्ये आलेला ‘शिवकल्याण राजा’ आठवा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा आणि मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. ते निवेदन वगळून एकेक गाणं सुटं ऐकलं तर चाली तेवढ्या उरतात, त्यांना बांधणारं सूत्र हरवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’चंही तसंच. सौमित्रच्या आवाजातली कविता आधी येते, मग गाणं सुरू होतं. वसतिगृहांतल्या कितीतरी मुलामुलींनी हा अल्बम मित्राच्या टेपवर पहिल्यांदा ऐकला. त्यांना विचारा, कवितेची शेवटची ओळ संपण्याआधीच त्यांच्या डोक्यात पुढचं गाणं सुरू झालेलं असतं.

म्हणजे मित्राला अल्बम सुचवताना आपण त्याच्याकडे त्याची पाऊण तास सलग फुरसत मागत असतो. ही मागणी लहान नाही. पाळीत काम करणाऱ्या माणसाकडे तर मुळीच नाही.

कॅसेटच्या काळात ही मागणी हातात दिसायची. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट आणल्या आणि गाणं विकत घेणं मध्यमवर्गाच्या आणि कामगाराच्या आवाक्यात आलं. तरी महिन्याला फार तर एक-दोन घ्यायच्या. त्यामुळे कुठली घ्यायची, यावर खल व्हायचा. पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस होतं. शास्त्रीय संगीताच्या स्वतःच्या कॅसेटही ते काढत. अशा दुकानात काय घ्यावं हे काउंटरपलीकडचा माणूस ऐकवून सांगायचा, आणि ते ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या चार मित्रांना सांगायचा.

मग उसनवारी सुरू. आणि कॉपी करणंही. कायद्यात ते बसत नव्हतं, पण घरोघर चालायचं. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे बरोबर एक रेकॉर्ड मावते. दुसरी बाजू रिकामी राही. मागितलेली रेकॉर्ड पहिल्या बाजूला भरून दिल्यावर दुसऱ्या बाजूला मित्र आपल्या मनानं काहीतरी भरायचा. भीमसेनजींची अभंगवाणी मागावी आणि पलटून पाहावं, तर तिथे मेहदी हसन! खरी शिफारस बहुधा त्या न मागितलेल्या बाजूवर असायची. कॉपीची कॉपी केली की पार्श्वभूमीला सूं आवाज वाढत जाई. त्यावरून ही कॅसेट किती हातांतून आलीय, याचा अंदाज जाणकार बांधत. चुकून पुसली जाऊ नये म्हणून पाठीमागचे दोन चिमुकले तुकडे मोडून ठेवायचे, आणि नंतर मोह झालाच तर तिथे कागदाचा बोळा कोंबायचा, हेही अनेकांना आठवत असेल.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती परतफेड. कॅसेट परत द्यावी लागायची. आणि नुसती देता यायची नाही. देताना समोरचा विचारणारच, ‘ऐकलीस का?’ ऐकली नसेल तर आणखी आठवडाभर मागून घ्यायची. ऐकली असेल तर काहीतरी बोलावंच लागे. ‘दुसरी बाजू चांगली आहे, पहिलीत काही जमलं नाही,’ असं म्हटलं की वाद. त्या वादातून आपला मित्र कशानं हलतो आणि कशानं कंटाळतो, हे कळायचं. लिंक परत करावी लागत नाही. म्हणून तो प्रश्नही कुणी विचारत नाही.

शिफारस नेहमी ओळखीतूनच यायची असं नाही. छोट्या भीमसेनला गदगमधल्या एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकू आली, आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घर सोडून निघाला. त्या दुकानदाराला आपण काय सुचवतोय याची कल्पनाही नसेल. आकाशवाणीची ‘आपली आवड’ हाही त्यातलाच प्रकार. फर्माईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जात, आणि आपल्या तालुक्याचं नाव आलं की घर कान टवकारी. हिंदीतल्या झुमरीतिलैयाकरांइतका उत्साह आपल्याकडे नसेल, पण पोस्टकार्डं पडत होतीच.

आज अ‍ॅपही सुचवतात. त्यांना नावं ठेवण्याची एक फॅशन आहे, मी ती पाळणार नाही. मोशीतल्या भाड्याच्या खोलीत बसून माली देशातलं गाणं ऐकणारा मुलगा मला माहीत आहे, ते त्याला कुठल्या मित्रानं आणून दिलं नसतं. पण अ‍ॅपला तो काल काय ऐकत होता एवढंच ठाऊक असतं. त्याची आई गावाला आजारी आहे आणि या महिन्यात त्याला रजा मिळालेली नाही, हे त्याच्या शेजारच्या कॉटवरच्या मित्राला ठाऊक असतं.

मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तेव्हाचं इंद्रायणीकाठचं गाव आज उंच इमारतींमध्ये शोधावं लागतं. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, बिहार-ओडिशातून आलेली मुलं इथे एकेका खोलीत राहतात. एक कामावरून येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. गावाकडचं बोलणं महिन्याभरात संपतं, कंपनीबद्दल बोलायचा कंटाळा येतो. अशा दोघांमध्ये ‘हे ऐक’ हा बोलण्याचा धागा होऊ शकतो. अट एकच, पाठवणाऱ्यानं चार दिवसांनी विचारायला हवं, आणि ‘नाही आवडलं’ हे उत्तर हसून घ्यायला हवं.

आणि थोडं नेमकं सांगायला हवं. ‘किशोरीताई ऐक’ म्हणून काही होत नाही, त्यांचं गाणं सागराएवढं आहे. भूप आणि बागेश्री अशी त्यांची एक प्रसिद्ध रेकॉर्ड आहे, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. आज ती फोनवर मिळते. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणजे पहिल्या पाळीहून येऊन, झोप काढून, संध्याकाळी चहा घेऊन बसलेल्या माणसाला तो द्यावा. सुरुवात विलंबित आहे, पहिली काही मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल, हे आधी सांगावं. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा खोलीवर येतो. बागेश्री उत्तररात्रीकडे झुकणारा, तो त्याच्यासाठी. तिसऱ्या पाळीवाल्याचा प्रश्न अवघड आहे. त्यांच्याच दुसऱ्या एका रेकॉर्डवर जौनपुरी आहे, तो दिवस वर आल्यावरचा राग, वेळ जुळते. पण रात्रभर मशीनसमोर उभं राहिलेल्या माणसाला त्या वेळी फक्त झोप हवी असते. त्याला रविवारी दुपारी विचारा.