बुलडोझर येण्याआधी शॉट ओके करा!

सिंगापूरच्या तांजोंग पगार रेल्वे स्टेशनवर कित्येक वर्षं एक अजब प्रकार चालायचा. गाडीत बसणारा प्रवासी कागदोपत्री आधी मलेशियात शिरायचा आणि नंतर सिंगापूर सोडायचा! स्टेशन सिंगापूरच्या पोटात, पण जमीन मलेशियाच्या रेल्वेची. 1998 मध्ये सिंगापूरनं आपली पासपोर्ट तपासणी सीमेजवळ वुडलंड्सला हलवली; मलेशियाचे अधिकारी मात्र स्टेशनातून हलले नाहीत. फिल्मच्या एखाद्या विद्यार्थ्यानं पटकथेत हे लिहिलं असतं, तर सरांनी ‘लॉजिक कुठंय?’ असा शेरा मारून कागद परत केले असते.

स्टेशन 1932 चं. दर्शनी भिंतीवर शेती, उद्योग, व्यापार आणि वाहतूक यांचे चार उंच पुतळे. 30 जून 2011 च्या रात्री इथून शेवटची गाडी सुटली, आणि इंजिन चालवायला कोण? जोहोरचे सुलतान, स्वतः! त्या शेवटच्या दिवसांत फलाटावर प्रवाशांच्या बरोबरीनं कॅमेरेवाल्यांची झुंबड होती. नंतर रूळ उखडले, मार्गाची 24 किलोमीटरची हिरवी पायवाट झाली आणि जुन्या स्टेशनच्या आवारात मेट्रोच्या नव्या स्थानकासाठी खोदकाम सुरू झालं.

या शहरात शिकाऊ दिग्दर्शकाची खरी शर्यत बुलडोझरशी असते. एडिटिंग संपेपर्यंत लोकेशन जागेवर असेलच, याची खात्री नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना कॅमेऱ्यात टिपलं होतं. सिंगापूरच्या पोरांना टिपायला इमारती उगवतात. आणि मावळतातही.

गल्लीतलं नाचगाणं

2001 मध्ये रॉयस्टन टान या तरुण दिग्दर्शकाला खबर लागली, की आर्मेनियन स्ट्रीटवरचं ‘हॉक हिआप लिओंग’ बंद होणार. हे जुनं कोपितिआम, म्हणजे आपल्या इराण्याच्या हॉटेलाचं आग्नेय आशियातलं चुलत भावंड. दुसऱ्या कुणी रडका माहितीपट केला असता. टान यांनी तिथं चक्क नाचगाणं भरवलं! जेमतेम सात मिनिटांची फिल्म. कोपितिआम गेलं, फिल्म राहिली.

हेच टान 2003 मध्ये ‘15’ घेऊन आले. बिघडलेल्या किशोरवयीन पोरांची ही गोष्ट. सेन्सॉरनं तिला 27 ठिकाणी कात्री लावली आणि वर प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे पडद्यावर ज्यांची कथा, त्यांनाच थिएटरात मज्जाव. पुढच्याच वर्षी टान यांनी ‘कट’ ही बारा मिनिटांची संगीतिका काढून सेन्सॉरची यथेच्छ टर उडवली. उत्तर द्यावं तर असं, चालीवर.

कबरीही घर बदलतात

जागेची टंचाई असलेल्या बेटावर मेलेल्यांनाही जागा खाली करावी लागते. टान पिन पिन अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होत्या, तेव्हा त्यांनी ‘मूव्हिंग हाउस’ हा लघुमाहितीपट केला. सरकारला जमीन हवी, म्हणून एक कुटुंब आपल्या पूर्वजांचे अवशेष कबरीतून काढून दुसरीकडे नेतं, एवढाच विषय. या विद्यार्थी-फिल्मला विद्यार्थ्यांचं ऑस्कर मिळालं. याच बाईंनी पुढं मोटारीत कॅमेरा लावून, ताशी 80 किलोमीटरचा वेग धरून, एक्सप्रेस-वेवरून अख्खा देश आडवा पार केला. एक शॉट, कट नाही, आणि देश चाळीसेक मिनिटांत संपतो! पुण्यात सकाळी कोथरूडहून हडपसरला जाणाऱ्यांनी ही फिल्म बघू नये. उगाच जीव जळेल.

सगळी रिळं गायब

आता या सगळ्यांची आजी शोभावी अशी गोष्ट. 1992 च्या सुट्टीत सँडी टान, जास्मिन एंग आणि सोफी सिद्दीक या तीन कॉलेजकन्यांनी ठरवलं, की सिंगापूरचा पहिला रोड मूव्ही आपण करायचा. आता जो देश तासाभराच्या आत संपतो, तिथं रोड मूव्ही काढायचा म्हणजे धाडसच! फिल्मचं नाव ‘शर्कर्स’. पटकथा सँडीची, नायिका सँडीच, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांना फिल्म शिकवणारा जॉर्जेस कार्डोना हा वयानं बराच मोठा गृहस्थ. मित्रमैत्रिणी, नातलग, एक अवाढव्य कुत्रा, जो सापडेल तो कॅमेऱ्यासमोर उभा. शूटिंग पार पडलं, मुली परदेशात आपापल्या कॉलेजात परतल्या आणि कार्डोना 16 मिलिमीटरची सगळी रिळं घेऊन पसार झाला!

सत्तर डबे. ना पत्ता, ना खुलासा. पोलीसकथेत खलनायक असं काही विकण्यासाठी तरी चोरतो. यानं ते विकलं नाही, वापरलं नाही, नुसतं जपून ठेवलं. तो वारल्यावर, 2011 मध्ये, त्याच्या बायकोनं सँडीशी संपर्क साधला. डबे परत आले, चित्रं टवटवीत, पण आवाजाच्या फिती बेपत्ता. मुकी झालेली ती फिल्म पोटात घेऊन सँडीनं त्याच नावाचा माहितीपट केला. 2018 मध्ये त्याला सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आज ती दृश्यं बघताना कथेपेक्षा मागचे रस्तेच डोळ्यांत भरतात. 1992 चं सिंगापूर रंगीत आणि ताजं, कारण ते डब्यात बंद होतं. मला विचाराल तर चोरानं नकळत अभिलेखागार चालवलं. (जास्मिन थांबली नाही, हेही सांगायला हवं. 1999 मध्ये तिनं केल्विन टाँगबरोबर ‘ईटिंग एअर’ हा चित्रपट दिग्दर्शित केला.)

कोकिळा, कट!

सिंगापूरपासून विषुववृत्त जेमतेम 137 किलोमीटरवर, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. शूटिंगचं वेळापत्रक एकदा छापलं की वर्षभर चालतं. पण संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटपतो. कातरवेळेचा हळवा शॉट लावेपर्यंत मिट्ट काळोख. एअर-कंडिशन्ड खोलीतून बाहेर आलं की दमट हवेनं लेन्सवर धुकं चढतं, ते उतरेपर्यंत युनिट हातावर हात धरून बसतं.

साउंडवाल्याचे शत्रू दोन. पहिली लढाऊ विमानं: 9 ऑगस्टच्या राष्ट्रीय दिनाची तालीम जून-जुलैच्या शनिवारी सुरू होते आणि डोक्यावर गडगडाट. दुसरा कोकीळ. आपल्याकडे त्याच्यावर कविता होतात, सिंगापुरात तक्रारी. पहाटेपासून तो एकच सूर धरतो आणि नायकाच्या प्रेमाच्या कबुलीत नेमका घुसतो.

एका टिल्टमध्ये शतक

जुन्या स्टेशनभोवतालचा तांजोंग पगार हा भाग फिल्म शिकणाऱ्या पोरांना आवडतो तो एका शॉटसाठी. कॅमेरा खालून वर नेला की दोन-तीन मजली जुनी दुकानघरं, मग ‘पिनॅकल@डक्स्टन’च्या पन्नास मजली सरकारी घरांच्या सात इमारती, बाजूला 290 मीटरचा गुओको टॉवर. दुकानघरांपुढच्या आच्छादित ओवऱ्यांची सक्ती रॅफल्सच्या 1822 च्या नगररचनेपासूनची आहे. पाऊस आला की युनिट तिथंच आसऱ्याला. रविवारी ऑफिसं बंद, गल्ल्या ओस, म्हणजे गर्दी आवरायला माणसं नकोत. जेवण मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये. टेबल अडवायचं तर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, आणि ते कुणी उचलत नाही! प्रॉडक्शन सांभाळणारी मुलगी बहुधा स्वस्तातला ‘इकॉनॉमी राइस’ बांधून आणते, भातावर दोन भाज्या.

कथा मात्र बऱ्याचदा आजीचीच, सरकारी इमारतीच्या लांब व्हरांड्यातली. हसू नका. न्गी आन पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या अँथनी चेन यांचा ‘आ मा’ हा लघुपट मृत्युशय्येवरच्या आजीवर आहे, आणि 2007 मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. सहा वर्षांनी त्यांच्या ‘इलो इलो’नं तिथंच पदार्पणाचा कॅमेरा द’ओर पटकावला.

 

सगळ्यांत अवघड कंटिन्युइटी मात्र सैन्य बिघडवतं. सिंगापूरच्या मुलांना दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा असते, आणि पॉलिटेक्निकचा डिप्लोमा संपतो नेमक्या त्याच वयात. शूटिंग लांबलं की कॅमेरामन बेटावरच्या छावणीत कवायत करत असतो. त्याच्या जागी दुसरा मिळतो हो. पण भरती होताच डोक्याचा चमनगोटा होतो, आणि गेलेला जर नायक असेल, तर उरलेल्या सीनसाठी एक टोपी शोधायची नाहीतर पटकथेत टक्कल घालायचं.