ब्रासला 600 रुपये, स्फटिकाला 1 पैसा

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत रत्नांच्या खाणी 0. खडक मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी बेसॉल्टचा, आणि या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट असे स्फटिक सापडतात. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले, तेही खडीसाठी फोडलेल्या दगडातून. छोट्या खाणवाल्याला असा स्फटिक मिळतो तो खडीच्या पोटातून, आणि हिशेब होतो तो खडीचाच.

हा हिशेब ब्रासचा. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. राज्याचे स्वामित्वधन 2015 मध्ये ब्रासमागे 200 वरून 400 रुपये झाले, 2021 मध्ये 600. सहा वर्षांत तिप्पट. लिंबाएवढा, 50 घन सेंटिमीटरचा स्फटिक याच दराने मोजला तर सरकारच्या वाट्याला येतो 1 पैसा. तोच विनापरवाना काढला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली दंड बाजारभावाच्या 5 पटींपर्यंत. वसुलीला घनफळ, दंडाला बाजारभाव! केंद्राने 10 फेब्रुवारी 2015 रोजी आणखी 31 खनिजे गौण, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतली ठरवली. त्यांत अगेट, जॅस्पर आहेत, 2025 पर्यंत क्वार्ट्झही होते; स्टिल्बाइटसारखे झिओलाइट नाही.

मोहस् मापनात कॅव्हन्साइटचा कठीणपणा 3 ते 4, स्टिल्बाइटचा 3.5 ते 4, पोलादी सुरीचा सुमारे 5.5. स्वयंपाकघरातल्या सुरीने ज्यावर ओरखडा उठतो, त्याची अंगठी सहसा होत नाही. म्हणून पैसे मिळतात ते अखंड नगाचे. सुरुंग लावला की नगाची खडी होते. छिन्नी धरली तर तेवढा वेळ क्रशर रिकामा राहतो.

खाण 5 हेक्टरांहून लहान असली तरी पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपककुमार प्रकरणात स्पष्ट केले. कागदांचा खर्च खाणीच्या आकाराबरोबर घटत नाही.

भोरच्या नावाने मात्र फसू नये: जुन्या संग्रहांतल्या स्फटिकांवर ‘भोर घाट’ अशी चिठ्ठी दिसते. तो घाट खंडाळा-कर्जतचा. 1863 मध्ये खुल्या झालेल्या रेल्वेसाठी तिथे 25 बोगदे खोदले. भोर तालुक्याचा त्याच्याशी संबंध नावापुरता.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा 10 मार्च 2014 चा, सहावा 31 जुलै 2024 चा. महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर त्यात आहेत, भोर-वेल्ह्यातली गावेही. तो अंतिम झाला, तर यादीतल्या गावांतल्या चालू खाणी 5 वर्षांत किंवा भाडेपट्टा संपताच बंद होतील, जे आधी घडेल ते. डोंगरासाठी ते योग्यच. पण तोवर जे फुटणार आहे, त्याच्या वाहतूक परवान्यावर ब्रासशेजारी नगांचा एक रकाना महसूल खात्याने वाढवावा.