आर्क झेलणारा धातू

शिरूर कासारच्या शिवारात ज्वारीला पाणी द्यायचं तर आधी फिडर चालू आहे का, ते बघावं लागतं. फिडर ट्रिप झाला की सगळे महावितरणच्या नावानं बोटं मोडतात. पण पुष्कळदा ट्रिप होणं म्हणजे उपकेंद्रातल्या ब्रेकरनं काम चोख बजावल्याची खूण असते. वाऱ्यानं तारा एकमेकींना लागल्या, ब्रेकरनं प्रवाह तोडला, ट्रान्सफॉर्मर वाचला.

हे तोडणं सोपं नाही. 11 केव्हीच्या व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये धातूच्या दोन चकत्या जेमतेम सेंटीमीटरभर दूर होतात. सुटताना शेवटचा टेकलेला ठिपका वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतूनच प्रवाह धावत राहतो. तोच आर्क. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी वाफ विरली, तर आर्क पुन्हा पेटत नाही.

नुसतं तांबं इथं चालत नाही. चकत्या वितळून एकमेकींना चिकटतात. म्हणून त्यात पाव ते निम्मं क्रोमियम असतं. चिकटलेला सांधा त्यानं ठिसूळ होतो, ओढताच तुटतो. शिवाय उरलासुरला ऑक्सिजनही क्रोमियम धरून ठेवतं. काही चकत्यांना चक्राकार खाचा असतात, त्यामुळे आर्क एका जागी न जाळता गरगर फिरतो. अशा चकत्या असलेल्या बंद निर्वात बाटल्या, म्हणजे व्हॅक्यूम इंटरप्टर, मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरात, सीजी पॉवर बनवते.

220 किंवा 400 केव्हीच्या एसएफ-6 वायूच्या ब्रेकरमध्ये आर्कचा मार झेलायला टंगस्टन लागतं. ते वितळतं 3,422 अंशांना, तांबं 1,085 ला, आणि दोघं एकमेकांत विरघळतच नाहीत. मग टंगस्टनची पूड साच्यात दाबून, भाजून सच्छिद्र ठोकळा करतात. हायड्रोजनच्या भट्टीत त्याला वितळलेलं तांबं लावलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते छिद्राछिद्रांत शिरतं. पुढे आर्क पडला की तांबं उकळून उडतं आणि उडताना टंगस्टनच्या सांगाड्याची उष्णता घेऊन जातं. झीज होते, पण बेतानं. मुंबईत मुख्यालय असलेली मॉडिसन कंपनी वापीच्या कारखान्यात असे विद्युत संपर्क घडवते. कच्चा माल मात्र आपल्या हातात नाही: जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं.

व्हॅक्यूमची बाटली मात्र कुणी उघडून बघत नाही. चकतीला जोडलेल्या दांड्यावरची खूण किती सरकली, त्यावरून झीज ओळखतात. दोन-तीन मिलिमीटर गेले की अख्खी बाटलीच बदलतात.