वैद्यकीय नोंदी आणि प्रोत्साहन निधीची पात्रता

रुग्णाचे आजार, तपासण्या व औषधे यांची संगणकावर ठेवलेली माहिती म्हणजे इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंद होय. या कामासाठी भारत सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले आणि १ जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन योजना लागू केली. तीत कमाल ४ कोटी रुपयांपर्यंत निधी ठेवला होता.

केवळ संगणक घेतल्याने रुग्णालय पात्र ठरत नसे. प्रारंभी किमान १० खाटा, मिशनच्या नोंदवहीत नाव व मिशनशी जोडलेले सॉफ्टवेअर आवश्यक होते. नोंद रुग्णाच्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी जोडावी लागे. ठरावीक संख्येपुढील प्रत्येक नोंदीस रुग्णालयाला २० रुपये मिळत.

नोंद जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष व मोबाइल क्रमांक ताडून पाहतात. समजा, जळगावचा एक रुग्ण उपचारासाठी इंदूरच्या पलासिया भागात आला. त्याचे आडनाव जळगावच्या कागदावर ‘शेख’ आणि ‘आभा’वर ‘शैख’ असेल, जन्मवर्षही वेगळे असेल, तर जुनी नोंद जुळणे कठीण होते. अशा वेळी निधीपेक्षा मोठे नुकसान रुग्णाचे होते. कोणते औषध त्याला सोसत नाही, हे नव्या डॉक्टरांना कळत नाही. म्हणून सर्व कागदपत्रांत नाव व जन्मवर्ष एकसारखे ठेवण्याची सवय शिक्षकांनी प्रवेश-अर्जापासूनच विद्यार्थ्यांना लावावी.