औषधोपचाराच्या खर्चाची प्रतिपूर्ति आणि वेळेवरची सूचना

खडकवासल्याच्या धरणांतून मुठेच्या पात्रांत पाणी सोडावयाचें झालें म्हणजे नदीकांठच्या वस्तीस आधीं इशारा दिला जातो. पाणी दाराशीं आल्यावर दिलेल्या इशाऱ्याचा उपयोग कोणासच नसतो. नोकरवर्गाच्या एका मोठ्या हक्कासही हाच न्याय लागू पडतो. आजारपणांत झालेला खर्च मालकाकडून परत मिळण्याची सोय अनेक नोकऱ्यांत असते. परंतु तिच्या अटी बहुधा रुग्णालयाचीं बिलें हातीं पडल्यावरच माणसास कळतात, आणि तोंवर त्या पाळण्याची वेळ निघून गेलेली असते.

ही सोय विम्याहून निराळी आहे. विम्यांत हप्ता भरून कंपनीशीं करार केलेला असतो. प्रतिपूर्तींत नोकरास सामान्यतः खर्च प्रथम स्वतःच्या गांठचा करावा लागतो व मागाहून मालक नियमाप्रमाणें तो भरून देतो. यास्तव कोणता खर्च परत मिळेल व कोणता मिळणार नाहीं, हें खर्च करण्यापूर्वीं ठाऊक असणें अगत्याचें आहे.

खडकवासल्यासारख्या लहानशा गांवींही हा प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो, तें पाहण्यासारखें आहे. पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांकरितां मुंबई इलाख्यानें १९१६ सालीं जी शाखा काढली, ती १९३६ सालीं हिंदुस्थान सरकारनें आपल्याकडे घेतली. तीच आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था. तेथील नोकर केंद्र सरकारचे. धरणाचा कारभार मात्र राज्याच्या जलसंपदा खात्याकडे. केंद्राचा नोकर आरोग्य योजनेच्या क्षेत्रांत राहत असेल तर त्यास ती योजना लागू. क्षेत्राबाहेर असेल तर १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम. राज्याच्या नोकरास १९६१ चे राज्याचे नियम. दोन शेजाऱ्यांनीं एकाच रुग्णालयांत एकच उपचार घेतला, तरी दोघांचे कागद निराळे आणि कचेरीही निराळी. अशा वेळीं शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबणें धोक्याचें ठरतें.

मग सूचनेंत काय असावें? १९४४ चे नियम उदाहरणादाखल घेतां येतील. पहिली गोष्ट, कुटुंब कोणास म्हणावें. आईबाप नोकरावर अवलंबून असले तरच त्यांचा समावेश होतो. त्यांची मिळकत दरमहा ९,००० रुपये व त्यावरील महागाई सवलत यांहून अधिक असतां कामा नये. स्त्री-नोकरास आईबाप किंवा सासूसासरे यांपैकीं एकाच पक्षाची निवड करावी लागते. दुसरी गोष्ट, कागद. रुग्ण दाखल न होतां उपचार घेत असेल तर ‘ए’ नमुन्याचें प्रमाणपत्र लागतें, दाखल झाला असेल तर ‘बी’ नमुन्याचें. तिसरी गोष्ट, दर. झालेला खर्च आणि ठरलेला दर यांत जो आंकडा कमी, तोच मिळतो. समजा, बिल एक लाखाचें झालें आणि मान्य दर साठ हजारांचा असला, तर चाळीस हजार घरचेच गेले.

आणीबाणीचा प्रसंग निराळा. तेव्हां जवळच्या खाजगी रुग्णालयांत जाण्यास मुभा आहे. मात्र प्रसंग खरोखर तांतडीचा होता, हें कागदांवरून दिसलें पाहिजे. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १३ एप्रिल २०१८ रोजीं असा निर्णय दिला कीं, रुग्णालयाचें नांव यादींत नाहीं एवढ्यावरून मागणी फेटाळतां येत नाहीं. उपचार खरोखर घेतला किंवा नाहीं, हें पाहिलें पाहिजे. तथापि न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी येण्यापेक्षां आधींची माहिती केव्हांही स्वस्त.

निवृत्तीच्या वेळीं तर सूचना विशेष निकडीची. १९४४ चे नियम निवृत्तांस लागू नाहींत. आरोग्य योजनेचें कार्ड घ्यावयाचें कीं नाहीं, याचा विचार नोकरींत असतांनाच केलेला बरा.

सूचना देणें हें मालकाच्या मर्जीवर सोडूं नये, हें तत्त्व कायद्यानेंही एका बाबतींत मान्य केलें. २०१७ सालीं प्रसूति-लाभ कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें प्रत्येक स्त्रीस नेमणुकीच्या वेळींच सर्व लाभांची माहिती लेखी व इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही मार्गांनीं देणें आस्थापनांवर बंधनकारक केलें. हाच पायंडा सर्व आजारपणांच्या बाबतींत पडणें इष्ट आहे.

सूचनाफलकावर लावलेलें इंग्रजी परिपत्रक म्हणजे सूचना नव्हे. नोकर स्वतः अंथरुणास खिळलेला असतां कागद घेऊन कचेरींत जाणारी व्यक्ति त्याची पत्नी, नवरा किंवा मुलगी असते. आणि तो फलक त्यांपैकीं कोणीच पाहिलेला नसतो. म्हणून कोणास लाभ मिळतो, कोठें उपचार घ्यावा, कोणते कागद जपून ठेवावे, किती मुदतींत द्यावे आणि नकार आल्यास कोणाकडे दाद मागावी, या पांच प्रश्नांचीं उत्तरें सोप्या मराठींत एका कागदावर लिहून तो दरवर्षीं प्रत्येकाच्या घरीं पोंचता करावा. ज्या कचेरीकडून असा कागद येत नाहीं, तेथील नोकरानें तो मागून घ्यावा आणि घरांतील सर्वांस एकदां वाचून दाखवावा.