देवनागरी वाचता येते, मग मराठी का अडते?

सांगली जिल्ह्यातलं खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातलं खटाव, माण हा दुष्काळी पट्टा. इथली अनेक कुटुंबं गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. घरात मराठी टिकली, पण पोरांची शाळा मात्र तिथल्या भाषेत.

समजा, एका घरातला एक नातू बनारसला हिंदी शाळेत शिकला आणि दुसरा कोइमतूरला तमिळ शाळेत. भावकीच्या ग्रुपवर गावच्या यात्रेचा मेसेज आला. बनारसचा नातू तो घडाघडा वाचतो. कोइमतूरच्याला एक अक्षरही लागत नाही, पण कुणी वाचून दाखवलं की सगळं कळतं.

लिपी जवळची असणं वेगळं आणि भाषा जवळची असणं वेगळं. युरोपात डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या बहिणी-बहिणी. पुस्तकाला नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये 'बी-ओ-के' लिहितात, डॅनिशमध्ये 'बी-ओ-जी'. कागदावर फरक एका अक्षराचा. बोलताना मात्र डॅनिश माणूस तो शेवटचा 'जी' जवळजवळ गिळूनच टाकतो. त्यामुळे स्वीडिश माणसाला डॅनिश वाचणं सोपं आणि ऐकणं अवघड जातं.

बनारसच्या नातवाकडे परत येऊ. त्याला पहिला खडा लागतो तो 'ळ'चा, कारण हे अक्षर प्रमाण हिंदीत नाही. सांगलीची हळद तिकडे हल्दी होते, फळाचं फल होतं आणि गुळाचं गुड़. हे बदल बरेचसे ठरावीक असतात. इंग्रजी आणि डचमधला 'वॉटर' जर्मनमध्ये 'वासर' होतो, तसंच हे. किल्ली हाती आली की निम्मे शब्द उघडतात.

दुसरी अडचण दिसतच नाही. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' मराठीत वेगवेगळा उच्चारतात, पण लिहितात एकसारखा. हिंदी शाळेत शिकलेला दोन्ही 'च' 'चार'सारखेच वाचणार. शब्द घरी रोज ऐकलेला असेल तर कान ती चूक दुरुस्त करतो. घरात कधी न आलेला शब्द असला की पंचाईत.

खरा घोळ होतो तो हुबेहूब दिसणाऱ्या शब्दांमुळे. 'आरोपीला सात वर्षांची शिक्षा' ही बातमी वाचून त्याला वाटेल, आरोपीला शाळेत घातलं! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. असाच इंग्रजीतला 'गिफ्ट' जर्मनमध्ये विष होतो.

यात लेखनाच्या नियमांचाही हात आहे. 1907 साली नॉर्वेनं आपलं लेखन स्वतःच्या उच्चाराजवळ नेलं आणि डॅनिशपासून दूर केलं. त्या वेळीच 'बी-ओ-जी'चं 'बी-ओ-के' झालं. 1948 साली डेन्मार्कनं उलट केलं. शब्दांतली 'ए-ए' ही जोडी काढून शेजाऱ्यांकडचं, डोक्यावर गोल असलेलं अक्षर घेतलं.

महाराष्ट्रात 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारनं स्वीकारले. कवि, बुद्धि, गुरु यांचे कवी, बुद्धी, गुरू झाले. उच्चाराच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, कारण मराठी माणूस शेवटचा स्वर लांबवतोच. पण हिंदीत हे शब्द अजून ऱ्हस्वच आहेत. त्यामुळे बनारसच्या नातवाला मराठी पुस्तकातला 'कवी' चुकीचा वाटतो आणि त्यानं लिहिलेल्या 'कवि'वर गावची शिक्षिका लाल खूण करते. शिवाय 2009 च्या शासन निर्णयानं 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं ठरवून दिली. मोबाइलवर मात्र बऱ्याचदा हिंदी वळणाचीच अक्षरं उमटतात.

कोइमतूरच्या नातवाची गोष्ट वेगळी. तो मराठी लिहितो ती इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे त्याच्या मेसेजमध्ये 'बाळ' आणि 'बाल' एकच दिसतात. पण त्याला देवनागरी शिकवायला बसा, 'ळ' आणि 'ण' यांच्यावर फार वेळ जाणार नाही. दोन्ही उच्चार तमिळमध्ये आहेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरंही आहेत. 'हळद' तो पहिल्याच दिवशी नीट वाचेल.