गॅदरिंग संपलं, भट्टीचं काय?

गॅदरिंगच्या फूड स्टॉलवर पावभाजीचा तवा तापवणारी ती लोखंडी गॅस भट्टी सगळ्यांच्या ओळखीची आहे. पण मांडव उतरला की तिची आठवण कुणालाच राहत नाही. तेल, बटर, भाजी अंगावर घेऊन ती तशीच जिन्याखाली जाते, अख्खा पावसाळा तिथे काढते आणि थेट पुढच्या गॅदरिंगला बाहेर येते. तेव्हा तिला काडी लावणारा बहुतेक वेळा एखादा नवखा ज्युनियर असतो. म्हणून भट्टीची निगा आज राखायची, ती त्याच्यासाठी!

ज्योत काय सांगते?

आपली भट्टी म्हणजे लॅबमधल्या बुन्सेन बर्नरची थोरली बहीण. जेटच्या बारीक छिद्रातून गॅस वेगाने सुटतो आणि जाता जाता बाजूच्या खिडकीतून हवा आत ओढतो. दोघं नळीत मिसळतात आणि मग बर्नरवर पेटतात. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी. कमी पडली तर ज्योत पिवळी, पातेल्याचं बूड काळं, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड. या वायूला ना रंग, ना वास. म्हणून पाऊस आला तरी भट्टी उचलून बंद खोलीत नेऊन पेटवायची नाही.

आता ही हवेची वाट बंद कशाने होते? काजळी, गंज, उतू गेलेलं दूध, आणि वापर नसताना कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर. नळी तुंबली की गॅस उलटा खिडकीतून बाहेर येतो आणि तिथेच, म्हणजे अगदी कॉकजवळ, पेट घेतो. पेटवणाऱ्याचा हात नेमका तिथेच असतो.

साफसफाई

भट्टी पूर्ण थंड होऊ द्या. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढा. बिडाचा बर्नर सुटा करून तारेच्या ब्रशने घासा, मग गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुवा. भोकं एकेक करून मोकळी करा. बर्नर उलटा ठेवून उन्हात खडखडीत वाळवा. आत पाणी राहिलं तर गंज ठरलेलाच. जेट मात्र पितळेचा, म्हणजे मऊ असतो. त्यात खिळा किंवा ड्रिल घालून भोक मोठं करू नका. "जाळ मोठा होईल" हा समज अर्धवट आहे. गॅस वाढतो, पण त्या मानाने हवा वाढत नाही, आणि ज्योत पुन्हा पिवळी!

गळती आणि दोन वाईट सवयी

नळीला चिरा आहेत का, ती कडक झाली आहे का, हे वाकवून पाहा. भट्टीला हाय प्रेशर रेग्युलेटर असेल तर घरच्या शेगडीची नळी चालत नाही. जोडणी झाल्यावर प्रत्येक जॉइंटला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून गळती शोधणं ही पहिली वाईट सवय. हवेत सुमारे २ टक्के गॅस मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड, त्यामुळे तो उडून न जाता खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो.

दुसरी सवय म्हणजे गॅस कमी येतोय म्हणून सिलेंडर आडवा करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं. मोठ्या भट्टीवर गॅस भराभर खर्च होतो, बाष्पीभवनाने सिलेंडर गार पडतो आणि प्रेशर उतरतं. हे साधं थर्मोडायनॅमिक्स आहे. पण सिलेंडर आडवा केला तर रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव जातो, आणि बाहेर पडल्यावर त्याचं आकारमान सुमारे २५० पट होतं. सिलेंडर उभाच हवा. गार पडला तर बदला.

ठेवताना

सिलेंडर आणि भट्टी वेगळे करा. सिलेंडर, रिकामा असला तरी, टोपी लावून उभा आणि मोकळ्या हवेच्या जागी ठेवा. जिन्याखाली तर नकोच, कारण आग लागली तर पळायचा रस्ता तोच. सिलेंडरवर कड्याजवळच्या पट्टीवर 'सी २८' असं काही लिहिलेलं दिसेल. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही भाग. 'सी २८' म्हणजे त्याची पुढची तपासणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेलेला सिलेंडर घेऊच नका.

भट्टीच्या लोखंडी सांगाड्याला तेलाचा हात फिरवा. जेट आणि हवेच्या खिडकीवर कापड बांधा, आणि त्याला एक चिठ्ठी अडकवा: कधी साफ केली, नळी कधी बदलली, कोणता कॉक घट्ट आहे, आणि "पेटवण्याआधी कापड काढा". शेवटी १९०६ हा गॅसगळतीचा इमर्जन्सी नंबरही लिहा.

पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षी काडी लावणारा तो ज्युनियर तुम्हाला ओळखतही नसेल, पण तुमची चिठ्ठी तो नक्की वाचेल.